व्हिंटेज गाड्यांचा क्लब: ड्राइव्हला कुणी मागे राहू नये म्हणून तुम्ही काय करता? मदत हवी आहे

सहा व्होल्ट

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही. आमचा जुन्या गाड्यांचा एक छोटासा क्लब आहे, सेक्रेटरीचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. यादीत २२ नावं आहेत, ड्राइव्हला गाडी काढणारे मात्र नऊच, बाकीच्यांच्या गाड्या कव्हरखाली.

तर झालं असं की मागच्या ड्राइव्हला नऊ गाड्या निघाल्या. रस्ता मला पाठ म्हणून मी सगळ्यात पुढे. वाटेत एक लांब चढ आहे आणि त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. आमचे सगळ्यात ज्येष्ठ मेंबर, त्यांना सगळे काकाच म्हणतात, क्लब मुळात त्यांनीच उभा केला, त्यांची १९३८ सालची सेडान आधी मधे होती, मग मागे पडत पडत शेवटी गेली, मग कुणालाच दिसेना, आणि प्रत्येकाला वाटलं की त्यांच्यासोबत कुणीतरी असेलच की. पोचल्यावर गाड्या मोजल्या तर आठ. फोनला रेंज नाही. मी उलटा फिरलो, तर चढाच्या निम्म्यावर काका बॉनेट उघडून उभे, इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओला रुमाल गुंडाळलेला आणि त्याच्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी थेंब थेंब सोडत होते. एकटे, दीड तास, वय ७६. मला बघून रागावले असते तरी चाललं असतं. "गार झालीय आता" एवढंच म्हणाले, सेल्फ मारला, गाडी लागली, वळवली आणि सरळ घरी गेले.

याला तीन महिने झाले. काका मीटिंगला येत नाहीत, फोन केला की "बघू रे" म्हणतात. आणि त्यांच्याशिवाय क्लब कसा चालवायचा हे खरंच आम्हाला कळत नाहीये, कारण कार्ब्युरेटर उघडायचा असो, पॉइंटचा, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या कॉन्टॅक्टचा, गॅप लावायचा असो, आम्ही सगळे त्यांच्याकडेच जायचो.

त्यानंतरच्या मीटिंगला वेगळाच वाद निघाला. निम्मे लोक म्हणतात ड्राइव्ह बंदच करा, नुसतं डिस्प्ले ठेवू, गाड्या ट्रेलरवरून आणायच्या, पुसायच्या, लोकांनी फोटो काढायचे. मला हे अजिबात पटत नाही. गाडी उभी राहिली की ती टिकते हा गैरसमज आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात, पेट्रोलचा चिकटा होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं, म्हणजे जेट, बंद होतात, सील सुकतात, टायर एकाच जागी दबून चपटे पडतात. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, १९६६ सालची, तिच्या व्याख्येत गाडी किमान ३० वर्षं जुनी हवी, मूळ रूपाला धरून जपलेली हवी आणि रोजच्या वापरातली नको असं आहे. रोज वापरू नका म्हटलंय, चालवूच नका असं नाही म्हटलेलं! उलट जुन्या गाड्या कशा जपाव्यात यावरच्या त्यांच्याच ट्युरिन चार्टरमध्ये गाडी चालती ठेवणं हा जतनाचाच भाग मानलाय. पण आमच्या ड्राइव्हला एक माणूस दीड तास रस्त्यावर राहिला ही गोष्ट खरीच आहे, त्यामुळे माझ्याकडे मीटिंगमध्ये उत्तर नव्हतं.

तेव्हा ज्यांचे क्लब नीट चाललेत त्यांनी सांगा. ड्राइव्हची पद्धत काय ठेवता, सोबत सामान काय नेता, आणि काकांना परत कसं आणू? शिवाय पाच-सहा तरुण मुलं सारखी विचारतात, त्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना मेंबर करावं का यावरही आमच्यात एकमत नाही.

मॅग्नेटो

पहिली गोष्ट, रस्ता माहीत असलेला माणूस पुढे हे चुकलं. पुढे सगळ्यात हळू गाडी पाहिजे. ती ज्या वेगाने चढ चढेल त्याच वेगाने सगळे. जलद गाडीवाल्यांना कंटाळा येतो, येऊ दे, त्यांनी मागे राहायचं, म्हणजे मागे काय घडलं ते त्यांना दिसतं आणि त्यांच्याकडे पुढे येऊन सांगण्याइतका जोरही असतो.

दुसरं, आमच्याकडे एकच नियम कागदावर लिहून प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात देतो, आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी आपली. वळण आलं की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, दिसला की निघायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचाही थांबतो कारण त्याला तुम्ही दिसत नाही, असं करत पाच-दहा मिनिटांत अख्खी रांग थांबते. नऊ गाड्यांना हे पुरतं. बारा-पंधराच्या वर गेलात तर तीन-चार गाड्यांचे गट करा.

तिसरं, शेवटची गाडी आधुनिक आणि तिला पुढे जायला बंदी, म्हणजे तिने कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही. तिच्यात टो करायचा दोर, पाण्याचे दोन कॅन, रबरी पाइपचे तुकडे आणि क्लिपा, फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, फ्यूज, बल्ब, वायर आणि अग्निशामक सिलिंडर. पावडरचा ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

काकांच्या गाडीचं म्हणाल तर तो वेपर लॉक, त्यात त्यांची काहीच चूक नाही. त्या काळचा पंप इंजिनला चिकटून बसवलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. चढावर हळू जाताना इंजिन तापलेलं, वारा कमी, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. हल्लीचं पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं, त्यात इथेनॉल असेल तर अजून. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, उष्णता अडवणारी बाही चढवा, तरी नाही भागलं तर टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप लावता येतो, तो ओढत नाही, ढकलतो, त्यामुळे लाइनमध्ये दाब राहतो. आणि इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम खराब होतो, तेही एकदा हात लावून बघा. पाइप मऊ किंवा चिकट लागला तर ड्राइव्हची वाट न बघता बदला, तिथूनच आग लागते.

सहा व्होल्ट

मॅग्नेटो, खूप आभार! मागच्याची जबाबदारी हा नियम आम्हाला सुचला कसा नाही. एकच अडचण, आमच्यातल्या तीन गाड्यांना आरसाच नाही आणि दोघांना मान वळवायचा त्रास आहे, मागचं बघणार कोण?

पितळी दिवा

धागाकर्ते दादा, मी आजोबांची फोर्ड मॉडेल टी सांभाळते म्हणून लिहितेय.

चढाचं ऐकून आमच्या गाडीची आठवण झाली. हिच्यात पेट्रोल पंपच नाही, टाकी सीटखाली आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरला उतरतं. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ खडा असला की ते पुढे पोचतच नाही, म्हणून त्या काळी लोक सरळ रिव्हर्समध्ये चढ चढायचे. म्हणजे प्रत्येक गाडीची चढावरची गोष्ट वेगळी. आम्ही ड्राइव्हच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक मालकाला फोन करून एकच विचारतो, तुमची गाडी कशाला घाबरते? कुणी चढ सांगतं, कुणी ट्रॅफिक, कुणी रात्र कारण सहा व्होल्टच्या बॅटरीवर दिवे मिणमिणे असतात. त्यावरून रस्ता ठरतो. आणि आधी कुणीतरी साध्या गाडीने तो रस्ता फिरून येतं, थांबायला सावली कुठे आहे तेही लिहून आणतं.

ब्रेकचंही सांगा सगळ्यांना. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलला दिले, त्याआधी सगळं दांड्या आणि केबलवर. आमच्या गाडीत तर पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवर लागतो, पुढच्या चाकांना काहीच नाही. आपण पुढच्याशी मोठं अंतर ठेवतो आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी नवीन गाडी घुसवतो, तेव्हा शेवटच्या गाडीला मागे मोठा बोर्ड लावा, पुढे जुन्या हळू गाड्या आहेत म्हणून.

आता काका. मला वाटतं ते गाडी बंद पडल्यामुळे रागावलेले नाहीत. ज्याने क्लब उभा केला त्याला क्लबने मोजलं नाही, आठ झाल्या तेव्हा कळलं, हे लागलंय त्यांना. फोन करू नका. घरी जा, आणि तुम्ही पुढे होतात हे तुम्ही स्वतः सांगा. कमिटीतर्फे वगैरे नको.

नवशिका

मी त्या गाडी नसलेल्यांपैकीच एक, दुसऱ्या क्लबात. माझ्यासारख्यांना घ्या प्लीज. आम्हाला बोनेटला टेकून फोटो नको असतो, आम्हाला शिकायचं असतं, पण कुणी हात लावू देत नाही.

मला एका आजोबांनी शेजारी बसवलं तेव्हापासून मी प्रत्येक ड्राइव्हला जातो. मागे बघायचं काम माझं. डबल क्लच त्यांच्याकडूनच शिकलो, क्लच दाबून न्यूट्रल, सोडून किंचित रेस, परत दाबून खालचा गिअर. गिअर आपोआप जुळवून घेणारं सिंक्रोमेश पहिल्यांदा १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणलं, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना आणि नंतरच्याही कितीतरी गाड्यांच्या पहिल्या गिअरला हे करावंच लागतं. पहिले दोन महिने नुसता दात घासल्यासारखा आवाज काढायचो मी, आजोबा शांतपणे म्हणायचे "ऐक, गाडी सांगते कधी टाकायचा ते". आता पाच वेळा टाकला तर चार वेळा बिनआवाज पडतो.

इंजिन हाताने फिरवून चालू करायचं हँडल मारायलाही त्यांनीच शिकवलं. आधी स्पार्क रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं कर, गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघ, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलभोवती गुंडाळायचा नाही, आणि खालून वर ओढायचं, वरून खाली जोर लावायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हात मोकळा सुटला पाहिजे. त्यांना खांद्यामुळे आता हँडल मारता येत नाही, मी नसलो तर ती गाडी गॅरेजबाहेर पडत नाही.

मॅग्नेटो

घ्या, सहा व्होल्ट, मागचं बघणार कोण याचं उत्तर नवशिक्याने दिलं. प्रत्येक गाडीत शेजारी एक माणूस, बिनगाडीवाला मेंबर. रोडबुक, म्हणजे रस्त्याची वळणं लिहिलेली वही, वाचायचं, मागचं बघायचं, आणि गाडी थांबलेली दिसली की तिच्या ड्रायव्हरकडे बघायचं, त्याने अंगठा दाखवला तरच पुढे जायचं.

आणि डिस्प्लेवाल्यांशी भांडू नका, त्यांना जमेल अशी छोटी ड्राइव्ह द्या, वीस-पंचवीस किलोमीटर, सपाट रस्ता, सकाळचा गारवा. वेगाची स्पर्धा कधीच नको. लंडन ते ब्रायटन रनमध्ये १९०५ च्या आधीच्या गाड्या जवळपास ९६ किलोमीटर जातात, १८९६ सालच्या पहिल्या रनची आठवण म्हणून, तिथेही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत जो पोचेल त्या प्रत्येकाला पदक.

सहा व्होल्ट

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा.

पितळी दिवा ताई, तुम्ही म्हणालात तसं घरी गेलो. एकटाच. काका गॅरेजमध्येच होते, मी काही बोलायच्या आत त्यांनी बसायला स्टूल सरकवला. मी सांगितलं की पुढे मी होतो आणि मी एकदाही थांबून मोजलं नाही. ते बराच वेळ पॉलिश पेपरवर पॉइंट घासत बसले, मग म्हणाले, "गाडी बंद पडते रे, त्याचं काही नाही. मला वाटलं तुम्ही मागे बघत असाल."

यावर मला काहीच बोलता आलं नाही. मग मी तुमचे सगळे रिप्लाय त्यांना वाचून दाखवले. हँडलचं वाचताना त्यांनी मला थांबवलं आणि तो नवशिका कुठला मुलगा आहे असं विचारलं, अंगठ्याचं बरोबर लिहिलंय म्हणाले.

मीटिंगला सहा बिनगाडीवाले मेंबर घ्यायचं ठरलं, दोघांचा विरोध होता पण झालं. रविवारी २४ किलोमीटरची सपाट ड्राइव्ह केली. अकरा गाड्या आल्या, त्यातल्या दोन गेली चार वर्षं कव्हरखाली होत्या, त्यांचे ब्रेक आणि टायर काकांनी आदल्या दिवशी स्वतः तपासले आणि तिसरीला टायरला भेगा आहेत म्हणून नाही सांगितलं. सगळ्यात पुढे काकांची सेडान, शेजारी १९ वर्षांची एक मुलगी मांडीवर रोडबुक घेऊन. चार ठिकाणी थांबलो, चारही वेळा तिने खाली उतरून बोट दाखवत मोजलं आणि काकांना ओरडून सांगितलं, अकरा.

आता पुढचं विचारायचंय. काका इलेक्ट्रिक पंपाला तयार नाहीत, मूळ पंपच ठेवायचा म्हणतात, पण पाइपला बाही चढवायला हरकत नाही म्हणाले. त्यांचा पाइप इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून जेमतेम चार बोटांवरून जातो. बाही पंपापासून कुठपर्यंत घ्यायची, आणि पंप आणि ब्लॉकच्या मधे जाड इन्सुलेटिंग पॅकिंग टाकलं तर पंपाची दांडी तिला हलवणाऱ्या कॅमवर कमी पडेल का? कुणी केलं असेल तर फोटो टाका, पुढच्या महिन्यात त्याच चढावर जायचंय, काकांनीच सुचवलंय.