मदत हवी आहे: ताईचा जनुकीय रिपोर्ट आल्यापासून घर गप्प झालंय

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको करत आठवडा गेला.

माझी ताई ४१ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. मागच्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची औषधं लागू न पडणारा प्रकार. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. केस गेल्यावर ही बाई डोक्याला रुमाल बांधून गड्ड्याच्या यात्रेत फिरून आली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. इतकी धीट.

वय कमी आणि गाठ त्या प्रकारची, म्हणून डॉक्टरांनी जनुकीय समुपदेशन (कॅन्सर घराण्यातून आलाय का, याबद्दलचा सल्ला) सुचवलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. समुपदेशक बाईंनी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला. बायका गोल, पुरुष चौकोन, कॅन्सर झालेले काळे. आमची आत्या पंचेचाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली, एवढंच घरात ठाऊक. तिच्या गोलात बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष अंडाशयाचा कॅन्सरही करू शकतो, हे तेव्हा कळलं. पुढे रिपोर्ट आला: बीआरसीए १ पॉझिटिव्ह, म्हणजे त्या नावाच्या जनुकात तो दोष सापडला.

तेव्हापासून ताई ओळखू येत नाही. अंडाशयं काढण्याचा विचार करा म्हणाले, तर “अजून काय काय काढणार?” लेक १३ वर्षांची, तिची वेणी घालताना मध्येच उठून जाते.

आणि बाबा. हे आईकडूनच येतं असं समजून आई महिनाभर स्वतःला कोसत होती. आत्याचा विषय निघाला आणि ते ओझं बाबांवर गेलं. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस, त्या खडखडाटात बोलायची सवय आधीच कमी. “माझ्या रक्तातनं आलंय” एवढंच म्हणाले. आता ताटही वेगळं घेऊन बसतात.

मी ३६ वर्षांची, टेस्ट केलेली नाही. पॉझिटिव्हची भीती आहेच, पण निगेटिव्ह आली तर ताईसमोर कुठल्या तोंडानं जाऊ? सासूबाईंचं, “कशाला उकरताय, पोरींची लग्नं व्हायची आहेत.”

टेस्ट आत्ता करू का थांबू? बाबांशी काय बोलू? (हळद-गोमूत्र सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते.)

कडक_भाकरी:
मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. आधी बाबांचं. हा दोष आईकडून जसा येतो तसाच वडिलांकडून. प्रत्येक अपत्याला यायची शक्यता ५० टक्के, म्हणजे नाणेफेक. त्यांनाही तो जन्मतःच मिळालेला, त्यात त्यांनी केलं काय? पण हे तुम्ही सांगू नका, समुपदेशकांकडून ऐकू द्या. त्यांना घेऊन दुसरी भेट मागा, फोनवरही देतात का विचारा. त्यांनी तपासणी करायची का, तेही तिथेच ठरेल.
भाचीची टेस्ट आत्ता नाही. १८ वर्षांआधी सहसा करत नाहीत, म्हणजे ताईंना त्या चिंतेतून पाच वर्षांची सुट्टी आहे.
रिपोर्टनंतरची घालमेल बहुतेकांची काही महिन्यांत उतरते. पण झोप, जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट.

बार्शीची_मुलगी:
आमच्याकडे बहीण पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. रिपोर्ट पाकिटात घालून दहा दिवस कपाटात ठेवला होता. शेवटी तिनंच विचारलं आणि ‘एक तरी सुटली’ म्हणून रडली. मला वाटलं होतं राग येईल. सगळ्यांकडे असंच होईल असं नाही, पण ताईंनाच विचारून टेस्ट करा. आणि घरातला दोष माहीत असल्यामुळे तुमच्या जनुकातली तेवढीच एक जागा तपासतात, सगळं पुन्हा नाही. खर्चही कमी येतो.

कडक_भाकरी:
+१. मात्र पॉझिटिव्ह आली तर पुढे काय (एमआरआय, ऑपरेशन) याचा विचार रक्त देण्याआधीच करून ठेवा.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. काल ताईला विचारलं, “मी करू का गं?” बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “करायचीच असेल तर मी येते सोबत. तुला सुईची भीती वाटते.” दुसऱ्या भेटीची वेळ मागितली आहे. बाबा येतो म्हणालेत, म्हणजे ‘बघू’ म्हणालेत. त्यांचं तिकीट मी काढून टाकलंय.