ट्रेनर नक्की कुणाला लावायचा, कुत्र्याला की घरातल्यांना?

उंबरठा (धागाकर्ती)

कुत्र्याला ट्रेनर लावायची जी रूढ पद्धत आहे ती मला मुळातच पटत नाही. ठरल्या वेळी माणूस येतो, पट्टा अडकवतो, कुत्र्याला खाली घेऊन जातो, तासाभराने आणून सोडतो. "आज एकदम शहाण्यासारखा वागला!" दार लागलं की शहाणा सोफ्यावर चढून उशी फाडायला मोकळा. मग घरातले कुरकुरतात, ट्रेनरचं ऐकतो, आमचंच ऐकत नाही. ऐकणार कसा? तो जे शिकला ते त्या माणसाबरोबर, त्या जागी. मैदानात "बस" म्हटल्यावर बसणारा कुत्रा स्वयंपाकघरात बसेलच असं नाही. तिथे जवळजवळ पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि ते घरातल्यांनीच.

माझ्या बहिणीची कुत्री दारावरची बेल वाजली की भुंकत सुटायची आणि येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय. त्यांच्याकडे आलेल्या ट्रेनर बाईंनी पहिल्या दिवशी कुत्रीला हातसुद्धा लावला नाही. भाच्याला बाहेर पाठवून बेल वाजवायला लावली आणि खुर्चीत बसून बघत राहिल्या. मेहुणे ओरडले "खाली!", बहीण "नको गं", भाचा आत येत "उतर", सासूबाईंचं नुसतंच "अगं अगं". वर प्रत्येकजण तिला हाताने ढकलत होता. कुत्रीच्या हिशेबाने सगळं घर एकदम खेळायला उतरलं होतं! बाई म्हणाल्या, आधी एक शब्द ठरवा आणि हात मागे ठेवा.

मग बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि इतका हळू लावला की कुत्रीचे कान हलतील, पण ती उठणार नाही. आवाज झाला की भिंतीलगतच्या चटईवर खाऊ. आवाज, चटई, खाऊ. ती निवांत असेल तरच आवाज थोडा वाढवायचा, ताठरली की पुन्हा कमी. ते जमल्यावर खरी बेल, पण बाहेर घरातलंच माणूस. पाहुणे सगळ्यात शेवटी. तोवर कुणी खरंच येणार असेल तर कुत्री आधीच आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. कारण उडी मारून लाड वसूल झाले की तो तिचा सरावच झाला.

आता सांगा, यातलं काय ट्रेनरने एकट्याने कुत्रीला खाली नेऊन शिकवता आलं असतं? कुत्र्याला काही आठवडे ट्रेनरकडे ठेवून "तयार" करून आणायचा जो प्रकार आहे, त्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे काय चालतं ते दिसत नाही आणि कुत्रा येऊन सांगत नाही.

भटकभवानी

बेलचा भाग पटला, निष्कर्ष नाही. लोक ट्रेनर लावतात कारण त्यांना जमत नाही. खाऊ नेमका कोणत्या क्षणी द्यायचा यावर सगळा खेळ असतो. कुत्रा बसला, तुम्ही खिसा चाचपलात, तोवर तो उठला आणि खाऊ मिळाला तो उठल्याबद्दल. ज्याचा हात बसलाय त्याने आधी शिकवावं, मग दोर घरच्यांच्या हातात द्यावा. गाडी शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी भर रहदारीत सोडतात का? माझा ट्रेनर आधी एकटा काम करतो, शेवटी मला उभं करतो. मला ते ठीक वाटतं.

आणि घरातले म्हणजे कोण? आमचे सासरे जेवताना टेबलाखालून घास सरकवतात. कितीही सांगा. त्यांना कोणता ट्रेनर लावू?

जुनंखोड

ही सगळी थेरं आहेत. आमच्या घरी कायम कुत्री होती, ट्रेनर कधी नव्हता, चावलं एकही नाही. मालक कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे, बास. आधी आपण जेवायचं, मग तो. दारातून आधी आपण, मग तो. लांडग्यांच्या कळपात म्होरक्या असतो तसं. तुम्ही म्होरके झाला नाहीत तर तो होणार.

कोल्हेकुई

काका, हा म्होरक्या कुठून आला ते सांगतो. रुडॉल्फ शेंकेल या प्राणीवर्तनाच्या अभ्यासकांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर 1947 साली लिहिलं. ते लांडगे माणसांनी एका कुंपणात कोंडलेले होते. बाहेर जाता येत नाही, मग भांडणं होणारच, आणि त्या भांडणांतून "अल्फा", म्हणजे तुमचा म्होरक्या, निघाला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप वर्षानुवर्षं पाहिला आणि 1999 साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे सहसा आई, बाप आणि त्यांची पोरं. आई-बाप पुढे असतात कारण ते आई-बाप आहेत. कुणाला हरवून नव्हे. आपलं पुस्तक छापणं बंद करावं म्हणून ते स्वतःच पुढे प्रकाशकाच्या मागे लागले होते.

आणि कुत्रा म्हणजे लांडगाही नाही. तो दारातून आधी घुसतो कारण बाहेर मजा आहे आणि त्याला चार पाय आहेत. गादीवर आपला हक्क सांगायचा त्याचा काही बेत नसतो.

जुनंखोड

लांडग्यांचं राहू द्या. दारात थांबायला लावलेला कुत्रा रस्त्यावर धावत सुटत नाही, हे खरं की खोटं?

कोल्हेकुई

खरं. थांबायला जरूर शिकवा. फक्त "मी म्होरक्या" म्हणून मान दाबून शिकवू नका, एवढंच म्हणणं आहे.

पट्टाधारी

मी कामाचे कुत्रे तयार केलेत, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. खाऊवर शिकवलेला कुत्रा खाऊ हातात आहे तोवर तुमचा. समोर मांजर आलं की तुमच्या बिस्किटाला कोण विचारतो? पंचेचाळीस किलोचा कुत्रा म्हाताऱ्या माणसाला फरफटत नेतो, तिथे काटेरी पट्टा लावला की त्याच दिवशी फरक दिसतो. माणूस पडून हाड मोडण्यापेक्षा कुत्र्याला क्षणभर टोचलेलं बरं. चूक झाली तर ती चूक आहे हे कळायला नको? नुसतं "छान छान" करून जग चालत नाही.

कोल्हेकुई

त्याच दिवशी फरक दिसतो हे मान्य. पण तो काय शिकला? समोरून दुसरा कुत्रा आला आणि मानेला टोचलं, पुन्हा आला, पुन्हा टोचलं. त्याच्या डोक्यात जोडी जमते: दुसरा कुत्रा म्हणजे दुखणं. पावलोव्हच्या प्रयोगात घंटेमागून खाणं यायचं, म्हणून पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याला लाळ सुटायची. तेच, फक्त उलट्या दिशेने. गुरगुरण्याबद्दल मारलंत तर भीती तशीच राहते आणि गुरगुरणं तेवढं जातं. मग "काही इशारा न देता चावला" म्हणून लोक कपाळाला हात लावतात. इशारा तुम्हीच बंद केलात.

2020 मध्ये पोर्तुगालमधल्या ट्रेनिंग स्कूलांतल्या 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या स्कूलांतले कुत्रे शिकवणीच्या वेळी जास्त ओठ चाटत होते, जांभया देत होते, अंग आक्रसून घेत होते, म्हणजे ताणाची लक्षणं दाखवत होते. लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही नंतर जास्त वाढलेलं होतं. पशुवर्तनाच्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने 2021 च्या निवेदनात सगळ्याच वर्तनसमस्यांसाठी बक्षिसाची पद्धत वापरा असं म्हटलंय, आक्रमक कुत्र्यांसकट.

पट्टाधारी

अभ्यास मीही वाचलाय. ते 92 कुत्रे चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. कोणत्या स्कूलमध्ये जायचं ते मालकांनी ठरवलेलं. शिक्षेच्या स्कूलकडे आधीच अवघड कुत्रे जात असतील तर? जांभई मोजून कुत्रा पळायचा थांबला का ते कळत नाही.

कोल्हेकुई

प्रश्न रास्त आहे. म्हणून थांबला का ते मोजणारा सांगतो. 2014 साली इंग्लंडमध्ये 63 कुत्र्यांवर काम झालं. हाक मारली तरी न येणारे, गुराढोरांच्या मागे धावणारे असे कुत्रे. एका गटाला शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा), तेही कॉलर बनवणाऱ्यांच्या संघटनेने सुचवलेल्या ट्रेनरांकडून. दुसऱ्या गटाला त्याच ट्रेनरांकडून पण शॉकशिवाय, तिसऱ्याला बक्षिसावर काम करणारे वेगळे ट्रेनर. शॉकच्या गटाला सातत्याने दिसेल असा कोणताही फायदा मिळाला नाही. घरी हीच पद्धत चालू ठेवण्याबद्दल सगळ्यात साशंकही त्याच गटाचे मालक होते. शेवटचा मुद्दा या धाग्यासाठी महत्त्वाचा: जे घरच्यांच्या हाताने होणार नाही ते टिकणार कसं?

पट्टाधारी

शॉक कॉलरचं मीही समर्थन करत नाही. काटेरी पट्ट्याचं बोलत होतो. त्याचा असा अभ्यास दाखवा.

लिंबूटिंबू

खुर्ची टाकून बसले आहे. चालू द्या.

दवाखान्यातून

सगळे ट्रेनरवर भांडताय, पण त्याआधी एक पायरी आहे. आजवर शांत असलेला कुत्रा अचानक उचलून घेताना गुरगुरायला लागला, जिना टाळायला लागला, डोक्यावरून हात फिरवू देईना, तर आधी पशुवैद्य. कान पिकलेला असतो, दात दुखत असतो, कमरेचा सांधा गेलेला असतो. दुखणाऱ्या कुत्र्याला "बस" शिकवणं म्हणजे छळ आहे. गेल्याच महिन्यात एकाने कुत्रा "हट्टी झालाय, बसतच नाही" म्हणून आणला. कंबर दाबली तर ओरडला. बसताना दुखत होतं, म्हणून बसत नव्हता.

दुसरं, एकटं ठेवलं की दार ओरबाडणं, लाळ गाळणं, मालक दिसेपर्यंत रडणं हे बेशिस्त वागणं नव्हे, ती घाबरगुंडी आहे. त्यावर फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी औषधं आहेत, आणि सोबत हळूहळू एकटेपणाची सवय लावावी लागते. अशा कुत्र्याला घरापासून दूर ठेवून शिकवायला पाठवणं तर उफराटंच. आधीच कासावीस झालेला जीव.

उंबरठा

दवाखान्यातून, हे धाग्यातच लिहायला हवं होतं, आभार.

भटकभवानी, सासऱ्यांबद्दल. घास थांबवायचा ठरला की कुत्रा आधी शांत होत नाही, आधी चेकाळतो. इतके दिवस मिळत होतं, आज का नाही? म्हणून तो जास्त जोरात भुंकतो, पाय मांडीवर ठेवतो. नेमक्या त्या क्षणी सासऱ्यांचा जीव वितळला तर कुत्रा शिकतो की खूप जोरात मागायचं. आणि कधी मिळतं, कधी मिळत नाही, असं झालं की सवय आणखी चिवट होते. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगशाळेतल्या उंदरा-कबुतरांनी हेच दाखवलं. म्हणून नुसतं "देऊ नका" सांगून उपयोग नाही, द्यायचं काम त्यांनाच द्या. घास टेबलाखाली नाही, कोपऱ्यातल्या चटईवर, कुत्रा तिथे पडलेला असेल तेव्हा. बहिणीकडे सासूबाईंचं असंच केलं. त्यांना घालायला मिळतं, कुत्रीला खायला मिळतं, आणि टेबलाजवळ कुणी येत नाही.

ट्रेनर निवडताना मी एकच प्रश्न विचारते: कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? "आम्ही काम सोपं करतो, पुन्हा करून घेतो" म्हणाला तर पुढे बोलायचं. "तो चूक करणारच नाही, गॅरंटी" म्हणाला तर चहा पाजून निरोप. ट्रेनर म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत कसलाही परवाना लागत नाही, पाटी कुणीही लावू शकतो.

भटकभवानी

सासऱ्यांना चटईचं काम देऊन बघते, ते खूश होतील. पण ट्रेनरने एकट्याने न्यायचंच नाही हे तुमचं टोक आहे. ज्या घरात दोघं दिवसभर बाहेर असतात आणि रात्री घरी येऊन कोसळतात, त्यांच्या कुत्र्याला कुणीतरी शहाण्या माणसाने फिरवून शिकवलं तर बिघडलं कुठे? काहीच न होण्यापेक्षा बरं.

उंबरठा

फिरवू दे की. त्याला फिरवणं म्हणा आणि फिरवण्याचेच पैसे द्या. शिकवणी म्हणून पैसे घेतले तर त्या वेळात घरातलं एक माणूस तरी पट्टा धरून हजर पाहिजे. रात्री कोसळणाऱ्यांनी रविवारी यावं.

जुनंखोड

म्हणजे शेवटी घरच्यांनीच शिकवायचं. मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणत होतो?

कोल्हेकुई

काका, तुम्ही आधी जेवायला सांगत होता.

पट्टाधारी

फोनवरच्या बेलचा प्रकार माझ्या घरच्या कुत्र्यावर करून बघणार आहे, त्यात खर्च काही नाही. रस्त्यावरचा पट्टा मात्र काटेरीच राहील. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीला पुढून दोर लागणारा हार्नेस असतो हे कुणी सांगायच्या आत सांगतो, वापरलाय, माझा त्यातूनही ओढतो.

कोल्हेकुई

हार्नेसने शिकवलं जात नाही, फक्त ओढण्याचा जोर कमी होतो. ओढलं की तुम्ही उभे राहता, की मागे मागे चालत राहता?