आरअँडडीच्या (संशोधन आणि विकासाच्या) नोकऱ्या परदेशात जातात म्हणजे नेमकं काय जातं?

केटी_चालू_आहे:
मंडळी, मी अमेरिकेत एका सॉफ्टवेअर प्रॉडक्ट कंपनीत आहे, नाव नको. गेल्या काही महिन्यांत आमच्या ग्रुपमधून जो कोणी सोडून गेला त्याच्या जागी इथे माणूस घेतलाच नाही, ती जागा सरळ परदेशातल्या सेंटरला दिली. लेऑफ नाही, बातमी नाही, काही नाही. आधी टेस्टिंग गेलं, मग जुन्या व्हर्जनचं मेंटेनन्स गेलं, तेवढं समजू शकतो, पण आता पुढच्या व्हर्जनचं डिझाइनसुद्धा तिकडेच होणार म्हणतायत. ऑल हँड्समध्ये (सगळ्या स्टाफच्या मीटिंगमध्ये) विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हा कॉस्टचा विषय नाही, टॅलेंटचा आहे."

सध्या रोज केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजावून हस्तांतर करायचं) सेशन, सगळं रेकॉर्ड होतं. परवा तिकडच्या एका मुलीने विचारलं की कनेक्शन तुटल्यावर पुन्हा ट्राय करायच्या आधी कोड ४० सेकंदच का थांबतो, ३० का नाही? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. ज्याने लिहिलं तो कधीच गेला आणि कमेंटमध्ये नुसतं "हे बदलू नका" एवढंच. असल्या गोष्टी कुठल्या डॉक्युमेंटमधून पाठवणार?

तर प्रश्न असा, की रिसर्च आणि डिझाइन खरंच असं उचलून दुसरीकडे नेता येतं का? की फक्त हेडकाउंट जातो आणि डोकं इथेच राहतं? माहितगारांनी प्रकाश टाकावा.

चिपवाला:
नेता येतं, पण वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी एक्सेलमध्ये धरत नाही.

इंटेलचं उदाहरण घ्या. डॉव्ह फ्रोमन म्हणून त्यांचा इंजिनियर, ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप) त्याने शोधलं, त्याला इस्रायलला परत जायचं होतं. म्हणून १९७४ मध्ये हैफाला डिझाइन सेंटर निघालं, अमेरिकेबाहेरचं त्यांचं पहिलं. म्हणजे सुरुवात पगार वाचवायला नव्हती, एक माणूस हातचा जाऊ नये म्हणून होती. तिथे ८०८७ ही आकडेमोडीची चिप डिझाइन झाली. पुढे २००० च्या आसपास हेड ऑफिस गिगाहर्ट्झच्या, म्हणजे चिपच्या वेगाच्या मागे धावत होतं, पेंटियम ४ तापायची, आणि हैफावाले लॅपटॉपसाठी कमी वीज खाणारी चिप करत बसले होते. ती २००३ मध्ये पेंटियम एम म्हणून आली. मग २००६ ला कोअर २ आली तिचं डिझाइन याच लाइनमधून आलेलं, आणि पेंटियम ४ ची लाइन गुंडाळली. बाहेरच्या टीमने घरच्या टीमचा रोडमॅप खाल्ला चक्क.

पण १९७४ ते २००३ मोजा की. तीसेक वर्षं तीच माणसं, तीच लॅब, तिथेच शिकलेली पुढची पिढी. तुमचं मॅनेजमेंट हे दोन क्वार्टरमध्ये उरकायला निघालंय असं दिसतंय.

बिनकामाचा:
+१. शुद्ध रिसर्चचं पण तसंच आहे. आयबीएमची झुरिकची लॅब १९५६ ची, तिथल्या लोकांना १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षं फिजिक्सची नोबेल मिळाली. आणि रेसनेट या एआय मॉडेलचा २०१५ चा पेपर, ज्याच्यावर नंतरचं अर्धं डीप लर्निंग उभं आहे, तो मायक्रोसॉफ्टच्या बीजिंगच्या लॅबमधला. त्यामुळे "डोकं इथेच राहतं" हे मनातून काढून टाका राव.

ताळेबंद:
वरची उदाहरणं चांगली आहेत पण ती मोजकी, लोक तीच तीच सांगतात. बहुतेक सेंटर कशी चालतात ते सांगतो, माझं कामच ते आहे.

परदेशातलं सेंटर कागदावर वेगळी कंपनी असते आणि ती हेड ऑफिसला सर्व्हिस विकते. बिल कसं, तर झालेला खर्च अधिक ठरलेलं मार्जिन, याला कॉस्ट प्लस म्हणतात. कोड आणि पेटंट यांची मालकी हेड ऑफिसकडे, किंवा ग्रुपमधल्या तिसऱ्याच देशातल्या कंपनीकडे. म्हणजे प्रॉडक्ट तरो की बुडो, सेंटरचं मार्जिन तेवढंच. आता अशा सेंटरच्या डायरेक्टरला हजार माणसं दिली तरी त्याच्या हातात प्रॉडक्टचा नफा-तोटा नसतो, त्यामुळे "हे फीचर नको, ते करू" असं म्हणायला त्याच्याकडे बळच नसतं. इंजिनियर कितीही हुशार असू दे. तुम्ही डोकं म्हणताय ते हेच असेल तर ते जात नाही, किंवा फार उशिरा जातं.

आणि हो, टॅक्स वाचवायला काम बाहेर नेतात असं लोक म्हणतात, पण आहे उलटंच. अमेरिकेच्या २०१७ च्या कायद्याने २०२२ पासून आरअँडडीचा खर्च एका वर्षात वजा करता येईना, देशातल्या कामाचा ५ वर्षांत आणि बाहेरच्या कामाचा १५ वर्षांत पसरायचा, सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटसकट. जुलै २०२५ मध्ये देशातल्या कामाला पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजावट दिली, बाहेरचे १५ तसेच ठेवले. पहिलं वर्ष अर्धंच धरतात, म्हणून बाहेर १०० डॉलर घातले तर त्या वर्षी वजावट ३.३३ डॉलरची. वजावट बुडत नाही, उशिरा मिळते, पण रोख पैशाला फटका बसतोच. तरीही काम बाहेर जातंय म्हणजे पगारातला फरक किती मोठा असेल बघा. कॉस्टचा विषय नाही म्हणे!

धागाबहाद्दर:
सगळं पगारावर ढकलू नका हो, व्हिसा पण आहे त्यात. एच-१बी म्हणजे अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा, त्याचा वार्षिक कोटा ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं केलेल्यांना आणखी २० हजार, बाकी लॉटरी. तयार केलेल्या माणसाचा लॉटरीत नंबर लागला नाही की कंपनी काय करणार, जिथे त्याला बसवता येईल तिथे ऑफिस काढणार. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हँकूव्हरला सेंटर काढताना हे कारण उघड सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर फी बसवली. नोकऱ्या देशात राहाव्यात म्हणून दार बंद करायचं आणि मग माणसाऐवजी अख्खी टीमच बाहेर जाते, कमाल आहे.

केटी_चालू_आहे:
सगळ्यांचे आभार. ताळेबंद, कॉस्ट प्लसचं माहीत नव्हतं. मग आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं की खरंच चार्टर (प्रॉडक्टचं काय करायचं ते ठरवायचा अधिकार) जातंय की नुसते हात जातायत? कारण त्यावर मी थांबायचं का टीम बदलायची ते ठरणार.

पलीकडून:
मी ज्या सेंटरमध्ये जागा येतात तिथली आहे, त्यामुळे तुमच्या त्या ४० सेकंदवाल्या मुलीचा राग धरू नका, तिला ते प्रॉडक्ट उद्यापासून रात्री २ वाजता सांभाळायचंय.

ओळखायला सोपं आहे. प्रॉडक्ट मॅनेजर कुठे बसतो ते बघा. तो तुमच्याकडेच राहिला आणि फक्त इंजिनियर हलले तर आमच्याकडे तयार झालेली तिकिटं (काय करायचं ते आधीच ठरवून दिलेली कामं) येतात, डिझाइन रिव्ह्यू म्हणजे आमच्या रात्रीचा कॉल, त्यात तुमचे लोक बोलतात आणि आम्ही म्यूटवर. असं अनेक वर्षं काढलंय. दुसरं म्हणजे मोठा कस्टमर चिडला की फोन कोणाला जातो. तिसरं, आमच्याकडून कोणी "हे करू नये" असं लिहिलं तर ते डॉक्युमेंट कोण वाचतं. आमच्या एका प्रॉडक्टचा मॅनेजर आणि आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारा) दोघंही इकडे आले तेव्हा सहा महिन्यांत फरक दिसला, आम्ही एक अख्खं मॉड्यूल काढून टाकलं जे कोणी वापरतच नव्हतं, तोवर ते काढा म्हणायची हिंमत कोणाला नव्हती.

आणि आम्ही फार खुशीत आहोत असंही समजू नका. आयबीएमने २०२४ मध्ये चीनमधलं आरअँडडी बंद केलं तेव्हा हजाराच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ते कधीतरी आमच्यासारखंच नवं, स्वस्त सेंटर होतं ना. आमच्याकडेही आता आणखी स्वस्त ठिकाणाची नावं मीटिंगमध्ये ऐकू यायला लागलीयत.

तुमच्या प्रॉडक्टसाठी आर्किटेक्ट लेव्हलची एखादी जागा परदेशातल्या सेंटरला ओपन झालीय का ते जॉब पोर्टलवर बघा. झाली असेल तर चार्टर जातंय, टीम बदला. आणि जायच्या आधी त्या ४० सेकंदांचं कारण जुन्या बग ट्रॅकरमध्ये (चुकांच्या नोंदींमध्ये) शोधून तिला मेल करा प्लीज.