निजामाची अशरफी किती रुपयांची?
दादा, अशरफी म्हणजे निजामाचं सोन्याचं नाणं; ती रुपयात किती, याचं ठरीव उत्तर नाही. निजामाच्या राज्यात तिला कायम दर नव्हताच. सोन्याच्या बाजारभावाप्रमाणे ती चढायची-उतरायची. वजन ११.१७८ ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून जवळपास अर्धा ग्रॅम कमी. सोनं ९१ टच, म्हणजे शंभरात ९१ भाग शुद्ध, त्यामुळे शुद्ध सोनं १०.१७ ग्रॅमच भरतं. अर्धी, पाव नि अष्टमांशही निघायची.

आपल्याकडे जामनेर-पाचोरा इंग्रजांचं, तर शेजारचं सोयगाव-अजिंठा १९४८ पर्यंत निजामाचं. शीव ओलांडली की हाली सिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन सुरू!

अशरफी जळगावला सराफाकडे नेण्याआधी तिला कडी लावलीय का बघा. माळेत ओवायला डाख देऊन (धातू वितळवून) कडी जोडलेली असेल तर संग्राहक हात आखडतो, सोन्याचा भाव तेवढा मिळतो. आणि चिंच लावून घासू नका हो, कृपा करा.