चर्चा: क्यूआरवरचं कर्ज गोव्यातल्या हंगामी धंद्याला झेपतं का?

खाजनकाठ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मडगावच्या मासळी मार्केटात आता टोपलीपाशीसुद्धा क्यूआरचा फलक असतो. तो फलक देणाऱ्या कंपनीच्या अॅपवर एक दिवस संदेश येतो: तुम्हाला 60,000 रुपये मंजूर. जामीन नको, उतारा नको, पैसे लगेच खात्यात. बँकेने ज्यांना कधी दारात उभं केलं नाही त्यांच्यापर्यंत भांडवल पोचलं, असं याचं कौतुक होतं. माझा आक्षेप परतफेडीच्या पद्धतीला आहे.

हिशेब मांडतो. 60,000 रुपये, रोज 220 रुपयांची वजावट, 300 दिवस. एकूण 66,000 फेडायचे. ऐकताना 10 टक्के वाटतात. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून रोज घटत जातं, म्हणून वार्षिक दर साडेतेवीस टक्क्यांच्या घरात जातो. 2 टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,416 रुपये आधीच कापले तर हातात 58,584 येतात आणि दर साडेएकोणतीसला टेकतो.

आता दिनदर्शिका बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ते 61 दिवस गुणिले 220, म्हणजे 13,420 रुपये वजावट चालूच. किनाऱ्यावरच्या गाडेवाल्यांचीही पावसात तीच गत. खात्यात पैसे नसले की मॅन्डेट, म्हणजे आपोआप वजावटीचा आगाऊ आदेश, परत जातो, बँक प्रत्येक वेळी काही शे रुपये कापते, कर्ज देणारा वर दंड लावतो. त्यात कंपनी बघते ती विक्री, सुटणारे पैसे नव्हेत. दिवसाला 4,000 जमा होणाऱ्या मासळीवालीने समजा 3,400 लिलावात आणि बर्फात घातले, तर घर चालायचं ते 600 वर. त्यातून 220 गेले तर उरतं किती?

हंगामात हप्ता मोठा आणि पावसात फक्त व्याज, असं कर्ज मिळत नसेल तर क्यूआरवाल्यांकडून घेऊ नये. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, बरी.

हिशेबनीस

खाजनकाठ बाब, तुमचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही. साडेएकोणतीस टक्के महाग कशाच्या तुलनेत? पहाटे 1,000 घेऊन संध्याकाळी 1,050 परत, हा व्यवहार बाजारात चालतो. दिवसाला 5 टक्के. त्याचा वार्षिक दर काढायला कोणी बसत नाही.

पिग्मीबद्दल. पिग्मीवाला रोज दारात येतो, बचतीची सवय लागते, हे मान्य. पण पिग्मीवर जे कर्ज मिळतं ते जमलेल्या पुंजीच्या आतलं असतं. बाईचेच पैसे तिला व्याजाने. त्यापुढे हवे असतील तर सभासदत्व, संस्थेचे भाग (शेअर) आणि दोन जामीन. पगारदार जामीन असेल तर उत्तम, असं खिडकीवर सांगतात. टोपली घेऊन बसणारीच्या ओळखीत असे दोन पगारदार असते तर तिला कर्जाची एवढी अडचण आली नसती.

आणखी दोन गोष्टी. ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या नाही. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना 2020 मध्ये आणि मडगाव अर्बन बँकेचा 2021 मध्ये रद्द झाला, तेव्हा छोट्या ठेवीदारांना हे विमा संरक्षण तरी होतं. पतसंस्था बुडाली तर तेवढंही नाही. दुसरं, पतसंस्थेत वर्षानुवर्षं नियमित फेडलेलं कर्ज बऱ्याचदा सिबिलपर्यंत, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीपर्यंत, पोचतच नाही. बँकेत गेलं की ती बाई पुन्हा कोरी पाटी. क्यूआरचं कर्ज नोंदवलं जातं, आणि पुढच्या मोठ्या कर्जाची पायरी तीच.

वजावट विक्रीच्या टक्केवारीने घ्यायची, हा मार्गही सुचवला जातो. त्यात गोम अशी की कर्ज मिळालं की विक्रेता दुसऱ्या कंपनीचा क्यूआर पुढे ठेवतो किंवा रोख मागतो, आणि वसुली आटते. म्हणून कंपन्या ठरावीक रकमेवर येतात. यात नुसती लबाडीच असते असं नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा तिथे क्यूआर उतरले होते. ताज्या मासळीला आणि भाजीला जीएसटी नाही, हे गोव्यातल्या विक्रेत्यांना कोणी नीट समजावलेलं नाही.

केपेकर

तुम्ही दोघंही बाजारपेठेबद्दल बोलताय. केपे, सांगे, काणकोणच्या डोंगरात काजू काढणाऱ्याकडे क्यूआरही नाही आणि रोजची विक्रीही नाही. मार्च ते मे बी विकली जाते, पैसे तीन महिन्यांत येतात. त्याची अडचण उताऱ्याची आहे.

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) नाव सरकारचं, कोमुनिदादचं म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं, नाहीतर वारलेल्या आजोबांचं. कुमेरीची (डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीची) जमीन कसणाऱ्या वेळीप-गावडे या आदिवासींचे 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे अजून अडकलेले आहेत. ज्यांना पट्टा मिळाला त्यांनाही तो गहाण टाकता येत नाही, कारण हा हक्क वारसाने जातो, हस्तांतर होत नाही. नाव आजोबांचं असेल तर इन्वेंटरी, म्हणजे वारसावाटणीचा कोर्टातला दावा, काढायची, सगळे वारस गोळा करायचे, त्यातले निम्मे मुंबईत नाहीतर आखातात. शिवाय आपल्या गोव्याच्या नागरी संहितेत नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, म्हणून घर-जमीन गहाण टाकताना दोघांच्याही सह्या लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या युनिफाइड लेंडिंग इंटरफेसवरून राज्यांचे जमिनीचे उतारे थेट कर्जदात्याला दिसावेत अशी योजना आहे. चांगलीच आहे. पण उताऱ्यावर नावच नसेल तर पूर्वी पंधरा दिवसांनी मिळणारा नकार आता दोन मिनिटांत मिळेल.

खाजनकाठ

केपेकर, हप्ता हंगामाला बांधता येतो याचं उदाहरण तुमच्याच बाजूला आहे. किसान क्रेडिट कार्ड. परतफेड पिकाच्या वेळेवर, 7 टक्के दर, वेळेत फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे 4 टक्के. 1 जानेवारी 2025 पासून शेतीकर्ज 2 लाखांपर्यंत तारणाशिवाय द्यायचं आहे, म्हणजे वनहक्काच्या पट्ट्यावरही अडायला नको. तारीख मात्र पाळायला हवी, एक दिवस चुकला तरी ती 3 टक्क्यांची सूट जाते. मच्छीमारांनाही हे कार्ड मिळतं, पण होडीची नोंदणी आणि परवाना लागतो. होडी नवऱ्याच्या नावावर, मासळी विकते बायको. तिच्या हाती काहीच नाही.

हिशेबनीस, दिवसाला 5 टक्क्यांशी तुलना केली की जगातलं कुठलंही कर्ज स्वस्त ठरतं. तुलना पीएम स्वनिधीशी, म्हणजे पथविक्रेत्यांच्या सरकारी कर्ज योजनेशी करा. पहिलं कर्ज आता 15,000, मग 25,000, मग 50,000, आणि नियमित फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत.

हिशेबनीस

स्वनिधीशीच करू. त्याला पालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. गोव्यात पणजी महापालिका धरून नागरी संस्था 14. कळंगुट आणि कोलवा पंचायतीत. ऐन पर्यटनाच्या किनाऱ्यावर गाडा लावणारा योजनेच्या हद्दीबाहेर राहिला. 2025 च्या फेररचनेत जनगणना शहरांपर्यंत (पंचायतीत असूनही जनगणनेत शहर धरलेल्या गावांपर्यंत) टप्प्याटप्प्याने जायचं ठरलं आहे. तोवर त्या गाडेवाल्याने काय करायचं?

बँक_खिडकी

वाद चालू द्या, पण अर्ज कुठे फसतात ते सांगते. गाडेवाल्याचं पुढचं पाऊल त्यावरच ठरतं.

सगळ्यांत जास्त अर्ज नावावर फसतात. आधारवर आडनावाच्या शेवटी एक अक्षर, पॅनवर दुसरं, बँकेत लग्नाआधीचं नाव. फर्नांडिस, रॉड्रिग्स, परेरा या आडनावांची स्पेलिंगं घरातल्या घरात वेगळी असतात. यंत्राला ती दोन माणसं वाटतात. आधी आधार आणि पॅन एकसारखं करून घ्या, मगच अर्ज.

दुसरं, क्यूआर मुलाच्या खात्याला जोडलेला. धंदा आईचा, जमा मुलाच्या नावावर, कर्जाची ऐपतही मुलाचीच दिसणार. आईच्या नावाचं चालू किंवा बचत खातं उघडून क्यूआर त्याला जोडा. निदान सहा महिन्यांची जमा तिथे दिसू द्या. उद्यम असिस्टवर, म्हणजे अगदी छोट्या धंद्यांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करा, त्याला जीएसटी क्रमांक लागत नाही. मग मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशू गटात 50,000 पर्यंत मागता येतं, आणि मागताना ओव्हरड्राफ्टची मर्यादा मागा. वापराल तेवढ्यावरच व्याज, पावसात रक्कम वापरू नका. खाजनकाठ म्हणतात तो हंगामी हप्ता आज प्रत्यक्षात असाच मिळतो.

तिसरं, अकाउंट अॅग्रिगेटर. खात्याचा तपशील तुमच्या संमतीने थेट कर्जदात्याला जातो. मधला दुवा तो साठवत नाही आणि उघडूनही बघू शकत नाही. पण मोबाइल क्रमांक बँकेत नोंदवलेलाच हवा, आणि पतसंस्थेची पिग्मी त्यात दिसत नाही. संमती देताना किती महिन्यांचा तपशील आणि किती दिवसांसाठी, हे वाचा. नंतर ती मागेही घेता येते.

अॅपवरून घेणारच असाल तर मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे कर्जाचा खर्च आणि अटी एका जागी लिहिलेला कागद, मागा. त्यातला वार्षिक टक्केवारी दर बघा, शुल्क आणि विमा धरून काढलेला तोच असतो. किमान एक दिवसाची माघारीची मुदत मिळते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज परत करता येतं, प्रक्रिया शुल्क मात्र पत्रकात तसं लिहिलं असेल तर ठेवून घेतात. अॅप फोनमधली नावं किंवा फोटो मागत असेल तर तिथेच थांबा, नियमाने ते मागताच येत नाही. अॅपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. तक्रार आधी कर्जदात्याकडे, 30 दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट.

केपेकर

ओव्हरड्राफ्ट ठीक, पण डोंगरात नेटवर्क नसलं की ओटीपी येत नाही आणि सहा महिन्यांची जमाही नाही. आमच्याकडे स्वयंसाहाय्य गट हाच मार्ग. फक्त गटाचं कर्ज बऱ्याचदा गटाच्या नावावरच राहतं, वेळेवर फेडणाऱ्या बाईची स्वतःची पत त्यातून तयार होत नाही. सदस्यनिहाय नोंद सिबिलकडे पाठवायचा नियम आहे, तो प्रत्यक्षात पाळायची सक्ती करा. अॅपच्या आधी तेवढं हवं.

खाजनकाठ

याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि पिग्मीच्या भरण्यालाही तोच न्याय लावा, म्हणजे हिशेबनीस यांचा कोऱ्या पाटीचा मुद्दा सुटेल. रोजच्या वजावटीबद्दल मात्र मी ठाम आहे: जून-जुलै वगळल्याशिवाय ते कर्ज मासळी मार्केटात विकू देऊ नये.

हिशेबनीस

सक्तीने वगळलं तर कंपन्या मार्च-एप्रिलनंतर मासळीवालीला कर्जच देणार नाहीत. सप्टेंबरपर्यंत ती पुन्हा दिवसाच्या 5 टक्क्यांवर. सक्ती मुख्य तथ्यपत्रकात करा: पावसातल्या दोन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायचा पर्याय, त्याची किंमत रुपयांत लिहून, मराठीत आणि कोंकणीत. घ्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या.