गिनी पिग आणि घरातला धूप-कापूर: कितपत चालतं?

ठाकुर्ली_फास्ट

नमस्कार मंडळी. घरात दोन गिनी पिग आहेत, दोघी माद्या, चिंगी आणि बटाटी. लेकीच्या हट्टापायी आल्या. आता लेक शाळेत जाते आणि मी त्यांच्या दिमतीला. वन बीएचके आहे. पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटखाली जमिनीवर, कारण दुसरी जागाच नाही. त्याच भिंतीला देव्हारा.

सासूबाई सकाळी पूजेला उदबत्त्या लावतात आणि दिवेलागणीला धूप. धूप म्हणजे कांडी नव्हे बरं. नारळाची शेंडी गॅसवर पेटवायची, धुपाटण्यात ठेवायची, वर ऊद आणि गुग्गुळ, आणि मग सगळ्या घरातून फिरवायचं. शिवाय प्लगवरची कापूरदाणी दिवसरात्र चालू. ती करोनाच्या काळात आली ती गेलीच नाही. रात्री नवरा हॉलमध्ये डासांची कॉइल लावतो. लिक्विडच्या मशीनवर त्याचा विश्वास नाही.

गेले काही दिवस बटाटी शिंकते आहे. नाक वाहत नाही, खाते व्यवस्थित, कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज आला की शिट्ट्या सुरू. चिंगीला काहीच नाही. नवरा म्हणतो धुळीने असेल. सासूबाई म्हणतात, "धुपाने हवा शुद्ध होते, उलट तिथेच राहू देत." मला घरात भांडण नकोय, खरं काय ते हवंय.

आणि गणपती तोंडावर आलेत. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. दोन्ही वेळच्या आरत्या, कापूर, धूप, माणसांची ये-जा. तेव्हा यांना कुठे ठेवू?

हेही सांगून ठेवते: खाली अंथरायला सोसायटीतल्या फर्निचरवाल्याकडून भुसा आणते, फुकट मिळतो. त्यावर फ्लीसचं कापड. ते कंडिशनर घालून धुते, नाहीतर हॉलमध्ये वास येतो.

उगाच_आपलं

देव्हाऱ्यातले उंदीरमामा इतकी वर्षं धूप घेतायत, ते कधी शिंकले का विचारा सासूबाईंना. (ह. घ्या.)

गंभीरपणे: रासायनिक उदबत्ती बंद करा आणि कडुलिंबाचा सुका पाला किंवा गोवरी जाळा. नैसर्गिक असतं, डासही जातात. आमच्या गावच्या गोठ्यात पिढ्यानपिढ्या हेच चालतं.

पिंजरेवाले_काका

गोठ्याला भिंती किती असतात? म्हैस किती किलोची? गोठ्यात धूर एका बाजूने शिरतो आणि दुसरीने निघून जातो. ठाकुर्लीच्या हॉलमध्ये तो जाईल कुठे? कडुलिंबाचा असो की गुग्गुळाचा, जळलेल्या पाल्याचा धूर म्हणजे बारीक कण आणि वायू. तो देशी आहे की रासायनिक, हे फुप्फुसाला कळत नाही.

आता ताईंना. मी नोकरीची सगळी वर्षं एका औषध कंपनीच्या ॲनिमल हाउसमध्ये काढली. पांढरे उंदीर, घुशीएवढे रॅट, हॅमस्टर, गिनी पिग, ससे. आमच्याकडे सेंट लावून आत यायची बंदी होती. नवीन पोरांना ती चेष्टा वाटायची. उंदीर एकमेकांना वासाने ओळखतात, हद्दही वासानेच आखतात. एका खोलीत भलताच वास पसरला की नर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. हे उंदरांचं झालं. तुमच्या मुली शांत जातीच्या आहेत, पण नाकाच्या बाबतीत सगळी जमात सारखीच.

हे प्राणी नाकानेच श्वास घेतात. आपलं नाक चोंदलं की आपण तोंड उघडतो. गिनी पिगला ते जमत नाही म्हटलं तरी चालेल. तो तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. श्वास मिनिटाला ४० ते १०० च्या दरम्यान चालतो, आपला १२ ते २०. म्हणजे एकाच खोलीत बसून, वजनाच्या मानाने, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ती आत घेते. त्या हवेत जे असेल तेही.

तरी माझा पहिला संशय धुपावर नाही, पिंजऱ्यावर आहे. राग मानू नका. एक करा: गुडघे टेकून खाली बसा आणि तुमचं नाक पिंजऱ्याच्या तळापासून चार बोटांवर न्या. बटाटीचं नाक दिवसभर तिथेच असतं. मुतातून अमोनिया सुटतो, आणि तो आधी कोपऱ्यात, कापडाच्या खाली साठतो. उभ्याने काही कळत नाही. अमोनियाने नाका-घशाच्या आतले बारीक केस निकामी होतात आणि मग एरवी गप्प बसलेले जंतू आत शिरतात. वर तुमचं कंडिशनर. त्याने तुम्हाला मुताचा वास लागत नाही, तिला मात्र दोन्ही सोसावे लागतात. शिवाय कंडिशनरचा थर बसला की फ्लीस पाणी खाली सोडत नाही, म्हणजे ती ओल्यावरच बसते. कंडिशनर आजच बंद. धुताना थोडं पांढरं व्हिनेगर घाला, खळबळून काढा, उन्हात वाळवा. काळं फिनाईल पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नको.

भुसा: फर्निचरवाल्याचा भुसा म्हणजे प्लायवूड आणि एमडीएफ. त्यात गोंद, गोंदात फॉर्माल्डिहाइड, वरून पॉलिश. आणि पीठ इतकं बारीक की तुमच्या यजमानांचं "धुळीने असेल" अर्धं खरं निघेल. नुसतं लाकूड असलं तरी सीडरसारखं वासाचं लाकूड नको. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं होतं की सीडर-पाइनच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढतात. नुसत्या अंथरुणाच्या वासाने! तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये अंथरुणाचं लाकूड निवडून घेतात. तुम्ही कागदाचं बेडिंग घ्या, किंवा फ्लीसखाली जुने टॉवेल घाला आणि रोज बदला.

आता धूर. जमिनीवर आहे म्हणून वाचली असं समजू नका. धूर गरम असतो तोवर वर जातो, गार झाला की खाली येतो, आणि वर पंखा चालू असेल तर लगेचच येतो. ॲनिमल हाउसमध्ये खोलीतली हवा तासाला १० ते १५ वेळा पूर्ण बदलायची असा दंडक आहे. तुमच्या हॉलची खिडकी लावली की हा हिशेबच संपतो.

तुमच्या यादीत मला सर्वांत नको आहे ती कॉइल. धूप पाच-दहा मिनिटांचा. कॉइल रात्रभर, दारं-खिडक्या लावून. २००३ साली आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले होते. त्यातल्या कीटकनाशकापेक्षा मला जळणाऱ्या लाकूडपिठाची धास्ती जास्त. हे तुमच्या लेकीलाही लागू आहे, बटाटीचं निमित्त करून सांगा यजमानांना.

कापूरदाणीचा धूर होत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण ती दिवसभर कापराची वाफ सोडत असते, आणि पिंजऱ्यातल्या जिवाला तिथून उठून जाता येत नाही. बंद करा. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, तेव्हा ठेवायचीच असेल तर उंचावर ठेवा. नीलगिरी, टी ट्री वगैरे तेलांचे डिफ्यूझर याच पंक्तीतले.

गणपतीत त्यांना आदल्या दिवशीच बेडरूममध्ये हलवा, म्हणजे गर्दी व्हायच्या आत जागा सवयीची होईल. आरतीच्या वेळी दार बंद, दाराखालच्या फटीला ओला पंचा, बेडरूमची खिडकी उघडी. आरती झाली की हॉलच्या खिडक्या सताड उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा. एसी लावून हवा बदलत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. मात्र बंद खोलीत उकाडा व्हायला नको, २७-२८ अंशांच्या वर गिनी पिगला त्रास सुरू होतो. लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, ढोल-ताशाला उपयोगी पडेल.

दूर्वा उरल्या तर स्वच्छ धुऊन घाला, आवडीने खातील. गंध-कुंकू लागलेल्या नकोत. निर्माल्यात कण्हेरीची फुलं असतात, ती अजिबात पोचू देऊ नका, विषारी आहेत.

आणि डॉक्टर. एखादी शिंक ठीक. काही दिवस चाललंय म्हणजे दाखवायचं. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून "गिनी पिग बघता का" विचारा. मुंबईच्या बाजूला जमत असेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चौकशी करा. लेकीचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप घरच्या घरी पाजू नका. अमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांनी गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावतो. हे हॅमस्टरलाही लागू.

गोदाकाठची_घूस

काकांना +१. माझ्याकडे पाळलेले रॅट आहेत, नाशिकला. एक भर: ज्यांच्याकडे रॅट आहेत त्यांना डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल दिसलं तर ते बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून तो लाल स्राव येतो, त्रास झाला किंवा आजारी असले की वाढतो. रॅटमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचा श्वासाचा आजार करणारा जंतू पुष्कळदा आधीपासूनच मुक्कामाला असतो आणि धुराने किंवा अमोनियाने डोकं वर काढतो. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की आई आधी ओरडते, "घूस, दार लाव!" म्हणजे मी.

लीथवरून_सदा

एडिनबरोतून. इथे उदबत्ती कमी, पण प्लगमध्ये खोचायचे सुगंधी डबे आणि वासाच्या मेणबत्त्या घरोघरी. आम्ही हॅमस्टर आणला तेव्हा दुकानातल्या मुलीने पहिला प्रश्न हाच विचारला, की घरात त्यातलं काय काय लावता. एअर प्युरिफायरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: हेपा फिल्टर कण पकडतो, वायू आणि वाफा नाही, त्यासाठी कोळशाचा थर लागतो. ओझोन सोडणारा मात्र घेऊ नका, तो स्वतःच नाकाला झोंबतो.

ठाकुर्ली_फास्ट

सगळ्यांचे आभार. काका, वाकून वास घेतला. लेकीलाही घ्यायला लावला, ती "ईऽऽ" करून पळाली. भुसा गेला, कंडिशनर गेलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. छाती साफ आहे म्हणाले, नाकात थोडी सूज. वजनाप्रमाणे औषध दिलंय आणि क जीवनसत्त्व वाढवायला सांगितलंय. रोज ढोबळी मिरचीची फोड, अधूनमधून पेरू. हॉलमधल्या हवेचंही विचारलं त्यांनी. कॉइल ऐकल्यावर नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, हे मला फार आवडलं.

दोन प्रश्न उरलेत. कॉइल बंद, तर डासांचं काय? संध्याकाळी खाडीकडून थवे येतात, आणि चिंगी-बटाटीलाही चावत असतीलच की. दुसरं, सासूबाई आत्ता माझ्याशेजारी बसून हे वाचतायत. त्या म्हणतात, धूप गॅलरीच्या दाराशी नेईन, पण फिरवायचं नाही तर देवापुढे तुपाचं निरांजन तरी चालेल का, तेही काकांना विचार.

पिंजरेवाले_काका

डासांना जाळी. खिडक्यांना लावून घ्या आणि सूर्य मावळायच्या आत जाळ्या बंद. पिंजऱ्यावर लहान बाळाची मच्छरदाणी टाका, पण गजांपासून वीतभर लांब राहील अशी, नाहीतर पहाटेपर्यंत कुरतडून धागे गिळतील. यजमानांच्या हाती बॅट द्या, तिचा आवाज थोडा होतो पण धूर नाही. गॅलरीतल्या कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या आहेत ना ते बघा.

माईंना माझा नमस्कार सांगा. निरांजन खुशाल लावा, फक्त पिंजऱ्याच्या अगदी डोक्यावर नको. एका लहान वातीचा धूर नगण्य असतो. जास्त धूर होतो तो वात विझताना. म्हणून शांत करताना वात पळीने तुपात बुडवायची. माझी आई तसंच करायची, माईही करत असतील.

बटाटीला स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याआधी तोला आणि लिहून ठेवा. वजन सलग उतरायला लागलं किंवा अर्धा दिवस तोंडात काही घेतलं नाही, तर शिंका थांबल्या असल्या तरी तिला परत घेऊन जा.