शेंगाचटणीचा लगदा होतोय, काय चुकतंय?

वडगावकर:
आई ताईच्या बाळंतपणाला निपाणीला गेलीय, सव्वा महिना तरी येत नाही. घरात मी आणि बाबा. भाकरीची चिंता नाही, गल्लीतल्या मावशी कडक भाकऱ्या करून विकतात, त्या 8 दिवस सहज टिकतात. अडलंय ते तोंडी लावण्यावर. काल शेंगाचटणी केली. दाणे भाजले, लसूण, तिखट, मीठ टाकून मिक्सर फिरवला. आधी नुसतं पीठ झालं, जरा जास्त फिरवलं तर बुडाला चिकटलेला लगदा. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दही मागितलं. आईला फोन केला तर म्हणते, "अंदाजानं घालायचं की रे." अंदाज असता तर फोन कशाला केला असता? घरात बेसन, तूरडाळ, कांदे, दही आहे. बाबांच्या 2 दाढा नुकत्याच काढल्यात.

शहापूरची वैनी:
दाणे गरम असतानाच फिरवलास काय रे? लग्नानंतर मी पण पहिल्यांदा तसंच केलो होतो. एवढी घाई कशाला करालास? मंद जाळावर तव्यात भाज, चोळल्यावर साल सुटली पाहिजे. पाखडून पूर्ण गार होऊ दे. 1 वाटी दाण्यांना 8-10 पाकळ्या लसूण, दीड चमचा तिखट, अर्धा चमचा जिरं, मीठ. हे सगळं आधी बारीक कर, मग दाणे टाकून बटण नुसतं दाब-सोड, दाब-सोड, 5-6 वेळा. सलग फिरवलास की भांडं तापतं, दाण्याचं तेल एकदम सुटतं आणि झाला लगदा. शेवटी खलबत्त्यात चार घाव घाल, मग कसं अंगापुरतं तेल सुटतं बघ. तिखट ब्याडगीचं घे, रंग येतो. झणका पाहिजे तर त्यात थोडं संकेश्वरी मिसळ. आई खलबत्ता निपाणीला नेली नसंल की!

खानापूरकर:
वैनींची चटणी बरोबर, पण दाढा काढलेल्या माणसाला कडक भाकरी आणि वर चटणी? अहो, ताकातलं पिठलं करा. अर्धी वाटी बेसन 2 वाट्या गार ताकात कालवा, गुठळ्या तिथंच मोडा. उकळत्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्याच. कांदा-मिरचीची फोडणी, जाळ बारीक, हात थांबवू नका, नाहीतर ताक फुटतं. दाटलं की 5 मिनिटं झाकण. भाकरी मोडून त्यातच भिजत टाका.
बाजारात अंबाडी दिसली तर आणा, आमच्याकडं सगळे पुंडीच म्हणतात. उकडून पहिलं पाणी फेकायचं, आंबटपणा मोडतो. मग तूरडाळ आणि मूठभर कण्या घालून शिजवायची, घोटायची. लसणाच्या फोडणीत हात आखडू नका.

वडगावकर:
पिठलं आज सकाळी केलं, बाबांनी दोनदा मागून घेतलं. चटणीला "बरी आहे" म्हणाले, आमच्या घरात हे खूप झालं. खल माळ्यावर सापडला, बत्ता काही सापडेना. शेवटी वरवंट्यानं भागवलं. पुंडी शनिवारी बघतो. आईला चटणीचा फोटो पाठवला, तर तिचा पहिला प्रश्न, "माझं ब्याडगीचं तिखट किती संपवलंस?"